तारवाला डॉक्टर

१८६० च्या आसपास बोरघाटात हजारो मजूर काम करत होते. कर्जतजवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे १५ मैलांचा रेल्वेमार्ग बांधायचा होता. चढ जवळपास १,८३१ फुटांचा आणि वाटेत २५ बोगदे. जानेवारी १८६१ मध्ये या एका कामावर सुमारे ४२ हजार माणसे होती. डोंगरउतारावर झोपड्या, पाण्याला झरे आणि ओढे, शौचाला उघडे रान. अशा वस्तीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली की दिवसभरात माणसे पटापट पडत. घाटात मेलेल्यांची संख्या हजारांत होती आणि त्यात पटकीचा वाटा मोठा होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढचे काम त्याची पत्नी ऍलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट हाती घेऊन पूर्ण करवून घेतले.

त्याच सह्याद्रीवरून तोवर विजेच्या तारेने निरोप जाऊ लागले होते. मुंबईहून मद्रासला जाणारी तार पुण्यावरून जात असे. ती तार देशभर ओढवून घेणारा माणूस पेशाने डॉक्टर होता. पटकीच्या रोग्याच्या रक्तात नेमके काय कमी होते, हे या डॉक्टरने जवळजवळ तीस वर्षे आधी शोधून छापले होते. त्यांचे नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

बावीस वर्षांचा डॉक्टर

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकचा. १८२९ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठातून एम.डी. झाले. लंडनमध्ये दवाखाना थाटण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही. मग ते विषांची रासायनिक तपासणी करू लागले. हे काम बारीक आणि मोजमापाचे होते, आणि याच सवयीने त्यांना पुढे नाव मिळवून दिले.

१८३१ च्या शरद ऋतूत कॉलरा इंग्लंडच्या सुंदरलंड बंदरात उतरला. त्या काळचे डॉक्टर या रोगावर शीर कापून रक्त काढत, जुलाब देत, अफू देत. रोगाचे जंतू कोणी पाहिले नव्हते. ते कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये ओळखले. बावीस वर्षांचे ओशॉनेसी साथीच्या गावी गेले, त्यांनी रोग्यांचे रक्त तपासले आणि डिसेंबर १८३१ च्या अखेरीस आपले निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापले. रोग्याचे रक्त घट्ट झालेले होते. त्यातले पाणी बरेच कमी झाले होते, क्षार आणि सोडा घटला होता, आणि हेच सगळे रोग्याच्या जुलाबात सापडत होते. यावरून त्यांनी सुचवले की जे शरीरातून गेले ते परत द्यावे, आणि तोंडावाटे जमत नसेल तर शिरेतून द्यावे.

मे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने ते करून पाहिले. मरणाच्या दारात असलेल्या रोग्यांच्या शिरेत त्यांनी कोमट मिठाचे पाणी सोडले आणि काही जण उठून बसले. आज कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात लोखंडी दांडीला लटकलेली सलाइनची बाटली दिसते, तिची सुरुवात इथे आहे. पण तेव्हा ती चालली नाही. पाणी आणि नळ्या निर्जंतुक करण्याचे ज्ञान नव्हते. रोगी हातचा गेल्यावरच हा उपाय केला जाई. एकदा पाणी देऊन थांबत, जुलाब मात्र चालूच राहत, आणि रोगी पुन्हा कोसळे. लॅटा स्वतः १८३३ मध्ये वारले. साथ ओसरली तसा हा उपायही मागे पडला.

कलकत्त्यातला प्राध्यापक

१८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सर्जन म्हणून कलकत्त्याला आले. १८३५ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज निघाले आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशी औषधांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. गांजा आधी जनावरांना आणि मग रोग्यांना देऊन संधिवात, धनुर्वात, लहान मुलांचे झटके यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यांनी नोंदले. त्यांच्या १८३९ च्या निबंधामुळे युरोपातल्या डॉक्टरांना हे औषध माहीत झाले. मुलांच्या झटक्यांची त्यांची नोंद आजही वाचली जाते, कारण गांजाच्या झाडातल्या एका द्रव्याचे औषध अमेरिकेने २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मंजूर केले. १८४३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पण १८३९ मध्येच त्यांनी आणखी एक उद्योग केला होता. कलकत्त्याजवळ त्यांनी बांबूंवरून सुमारे २१ मैल तार पुढेमागे फिरवली आणि तिच्या मार्गात सुमारे सात हजार फूट हुगळी नदीचे पाणी घेतले. तारेतून वीज सोडून दुसऱ्या टोकाला खूण पोचते का, एवढेच पाहायचे होते. खूण ओळखण्यासाठी पलीकडचा माणूस तारेला बोट लावून बसे आणि विजेचा झटका मोजे. तेव्हा इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांची तार नुकतीच सुरू झाली होती. अमेरिकेत मोर्स यांचा वॉशिंग्टन ते बाल्टिमोर संदेश जायला अजून पाच वर्षे होती. कलकत्त्याच्या प्रयोगाकडे मात्र दहा-अकरा वर्षे कोणी लक्ष दिले नाही.

डावा ठोका, उजवा ठोका

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चक्र फिरले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार तयार झाली. ओशॉनेसी तेव्हा टांकसाळीतही काम पाहत. तिथलाच त्यांचा मदतनीस शिबचंद्र नंदी या कामात त्यांचा उजवा हात बनला. इंग्लंडची बारीक तार इथे टिकणार नाही, असे ओशॉनेसी यांचे मत होते. तिच्यावर माकडे झुलतील, घारी बसतील, वादळात ती तुटेल. म्हणून त्यांनी बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई वापरली.

यंत्रही इंग्लंडहून मागवले नाही. त्यांनी स्वतः एक साधे यंत्र बनवले. तारेचे वेटोळे आणि त्यात टांगलेली चुंबकसुई, बस्स. वीज एका दिशेने सोडली की सुई डावीकडे वळे, दिशा उलटी केली की उजवीकडे. इथल्या कारागिरांना ते बनवता येई, दुरुस्तही करता येई.

पण सुईला फक्त दोन गोष्टी येतात: डावीकडे वळणे आणि उजवीकडे वळणे. सव्वीस इंग्रजी अक्षरे तिच्याकडून वदवून कशी घ्यायची? उत्तर साध्या गणितात आहे. एका ठोक्यात दोन खुणा होतात. दोन ठोक्यांच्या चार, तिनाच्या आठ, चारांच्या सोळा. सगळ्या मिळून तीस. म्हणजे जास्तीत जास्त चार ठोक्यांत सव्वीस अक्षरे बसतात आणि वर चार खुणा उरतात. पाठवणारा अक्षराचे ठोके करतो, हे संकेतन. घेणारा ठोक्यांचे पुन्हा अक्षर करतो, हे विसंकेतन. दोघांजवळ एकच तक्ता असला की तारेला इंग्रजी कळण्याची गरज नसते.

आजचा संगणकही याच दोन खुणांवर चालतो. डाव्या-उजव्याऐवजी तिथे शून्य आणि एक असतात. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात प्रत्येक अक्षराला नेमक्या पाच खुणा दिल्या, त्यामुळे बत्तीस जागा मिळाल्या आणि यंत्राला मोजणी सोपी झाली. संगणकाने आठ खुणांचा गट धरला, त्यात २५६ जागा होतात. या गटाला बाइट म्हणतात.

घाटावरून गेलेली तार

नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता ते आग्रा हे सुमारे ८०० मैलांचे काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ ला आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला. पुढे आग्रा ते मुंबई आणि मुंबई ते मद्रास. कोकणातून पुण्याला चढायचे तर वाट बोरघाटाची, खालापूर आणि खोपोलीच्या अंगाने. १ फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १८५६ पर्यंत सुमारे चार हजार मैल तार उभी राहिली होती.

घाटात या तारेचा वेग डोळ्यांत भरणारा होता. मुंबईहून रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, खंडाळ्याहून पुण्याकडची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशाला पालखीत, तट्टावर किंवा पायी चढावा लागे. माणसाला जिथे काही तास लागत, तिथे सुईचा ठोका क्षणात वर जाई. २१ एप्रिल १८६३ ला घाटातली रेल्वे सुरू झाली, कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे मोठे ठाणे झाले. अवजड गाड्यांना मागून लोटणारी इंजिने तिथे आजही जोडतात.

ही तार सरकारची होती आणि सरकारच्या कामी आली. १८५७ च्या उठावाची बातमी तारेनेच पंजाबात पोचली, आणि उठाव करणाऱ्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, त्या याच कारणाने. ओशॉनेसी तेव्हा भारतात नव्हते. १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला होता आणि ते युरोप-अमेरिकेतली तार पाहायला गेले होते. तिथे त्यांनी मोर्सचे यंत्र पाहिले. त्यांची सुई डोळ्याने वाचावी लागे, नजर चुकली की अक्षर गेले. मोर्सचे यंत्र कागदी पट्टीवर खुणा उमटवी. स्वतःच्या यंत्राचा आग्रह न धरता त्यांनी १८५७ पासून भारतात मोर्स आणले.

मला की माळा?

मोर्स आले तरी एक अडचण तशीच राहिली. तक्ता इंग्रजी अक्षरांचा होता. मराठी माणसाला घरी निरोप धाडायचा तर तो इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांत लिहावा लागे. एम, ए, एल, ए अशी चार अक्षरे आली तर शब्द मला, माला, मळा की माळा? तारेने अक्षरे बिनचूक पोचवलेली असत, पण ती उलगडताना मूळ शब्द हमखास मिळेल याची खात्री नव्हती. संकेतन उपयोगी ठरायला ते उलटे करता आले पाहिजे, काहीही न गमावता. देवनागरीतून तार पाठवण्याची सोय स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये झाली.

हाच पेच सव्वाशे वर्षांनी संगणकांच्या जाळ्यात नव्याने उभा राहिला. सुरुवातीची ईमेल इंग्रजी मजकुरासाठी केली होती. वाटेतली यंत्रे बाइटमधल्या आठांपैकी सातच खुणा जपत, आठवी कापून टाकत. काही आकड्यांना ती हुकूम समजत, जसे ओळ संपली किंवा संदेश संपला. साधे पत्र यातून नीट जाई. पण छायाचित्र, क्ष-किरणाची प्रतिमा किंवा संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे कोणत्याही क्रमाने आलेले बाइट. ते पाठवले की दुसऱ्या टोकाला कचरा मिळे.

यावरचा उपाय कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८० मध्ये मेरी ऍन हॉर्टन यांनी लिहिला, त्याचे नाव यूयूएनकोड. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे चोवीस खुणा. त्यांचे सहा-सहाचे चार गट करायचे. सहा खुणांत ६४ जागा, आणि ६४ साधी, छापता येणारी चिन्हे कळफलकावर सहज मिळतात. उदाहरणार्थ ६७, ९७, ११६ हे तीन बाइट सलग लिहून चार गटांत तोडले की १६, ५४, ५, ५२ असे आकडे येतात. प्रत्येकात ३२ मिळवले की ४८, ८६, ३७, ८४, हे सगळे साध्या चिन्हांचे आकडे. जाळ्याला वाटते, हे पत्रच आहे. पलीकडचा माणूस तीच क्रिया उलटी करतो आणि चित्र जसेच्या तसे मिळते. किंमत एवढीच की तीनाचे चार झाल्याने फाइल एक तृतीयांशाने फुगते. १९९२ मध्ये आलेल्या माइम या पद्धतीने हेच काम बेस ६४ या तक्त्याने सर्वत्र सारखे केले. आजही ईमेलला जोडलेला रक्ततपासणीचा अहवाल बहुधा याच वेशात प्रवास करतो.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात आयआयटी आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला मिळाले. मराठीचा पेच इथेही होताच. १९९१ च्या भारतीय मानकात देवनागरी अक्षरे २५६ जागांच्या वरच्या निम्म्या भागात बसवली होती. आठवी खूण कापली की नेमकी तीच अक्षरे बिघडणार. त्यामुळे मराठी पत्रालाही चित्रासारखे बांधून पाठवणे भाग होते.

न पोचलेला संदेश

ओशॉनेसी १८६० च्या सुमारास भारत सोडून गेले. १८६१ मध्ये त्यांनी ब्रूक हे आडनाव घेतले. नंतरची जवळजवळ तीन दशके ते लोकांच्या नजरेआड राहिले आणि जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या साउथसी इथे वारले. शिबचंद्र नंदी यांना १८८३ मध्ये रायबहादूर किताब मिळाला.

त्यांच्या दोन कामांचे नशीब वेगवेगळे निघाले. तारेमागे सरकारची गरज होती, पैसा होता, डलहौसींचा पाठिंबा होता. ती चार वर्षांत देश ओलांडून गेली. रक्तातले पाणी आणि मीठ परत द्या, ही सूचना छापील कागदावर पडून राहिली. बोरघाटात मजूर जुलाब-उलट्यांनी सुकून मरत होते, तेव्हा त्यांना वाचवू शकणारी माहिती जगात होती. ती कोणाला ठाऊक असलीच तरी निर्जंतुक पाणी, सुया आणि हजारो माणसांजवळ बसणारे हात तिथे नव्हते. स्वतः ओशॉनेसीही त्या जुन्या कामाकडे पुन्हा वळलेले दिसत नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन कॉलऱ्याचे मृत्यू बरेच कमी केले. १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी दाखवले की जंतूचे विष आतड्यात पाणी ओतायला लावते. १९६० च्या दशकात कळले की साखरेसोबत दिलेले मीठ, जुलाब चालू असतानाही, आतडे शोषून घेते आणि मिठामागून पाणीही आत येते. म्हणजे सुईची गरज बहुतेक रोग्यांना नाहीच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मिसळलेले पाणी पिंपातून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आले. आजचे ओआरएसचे पाकीट याच तत्त्वावरचे.

भारतातली तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. दुसरा संदेश मात्र पावसाळ्यात दरवर्षी उपयोगी पडतो. जुलाब सुरू होताच पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे, आणि घोट घोट देत राहावे. मीठ वाढवू नये. मुलाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, सुस्ती आली किंवा पाणी पोटात ठरेना, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा, तिथे शिरेतून सलाइन द्यावे लागते.